व्यालेली गाय वेळेत पुन्हा गाभण राहावी यासाठी : भाकड काळापासून गर्भतपासणीपर्यंत

गाय व्याल्यानंतर चार-पाच महिने उलटले, दोन-तीन वेळा रेतन झाले आणि तरीही ती गाभण राहिली नाही, की संशय रेतमात्रेवर किंवा रेतन करणाऱ्यावर जातो. कधी कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा कारण त्याहून जुने असते आणि ते विण्याच्या आधीच्या तीन व नंतरच्या तीन आठवड्यांत सापडते. अंडाशयातील सूक्ष्म पुटक वाढून त्यातून स्त्रीबीज बाहेर पडण्याइतके पक्व होण्यास काही महिने लागतात. म्हणजे व्याल्यानंतर सत्तराव्या दिवशी ज्या स्त्रीबीजाचे फलन व्हावे अशी आपली अपेक्षा असते, त्याची वाढ गाय सर्वांत अशक्त असलेल्या दिवसांतच चालू असते, आणि त्या दिवसांतील उपासमार, ताप किंवा गर्भाशयाचा संसर्ग यांचा परिणाम मागाहून गर्भधारणेवर दिसू शकतो.

वेळेचा हिशेबही आधीच समजून घ्यावा. गाईचा गाभणकाळ सरासरी २८० दिवसांचा असतो. दोन वेतांमधील अंतर १३ महिन्यांचे ठेवायचे असेल, तर व्याल्यानंतर साधारण ११५ दिवसांच्या आत गर्भधारणा व्हावी लागते. गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी पहिले ५० ते ६० दिवस सोडून दिले, तर हाती फक्त दोन-तीन माज उरतात. त्यामुळे या माजांपर्यंत गाय निरोगी पोहोचणे हेच खरे काम आहे आणि त्याची सुरुवात गाय आटवतानाच, म्हणजे विण्यापूर्वी तिचे दूध बंद करतानाच, होते.

भाकड काळातील तयारी

विण्याच्या अंदाजे ६० दिवस आधी गाय आटवावी. हा काळ ४५ दिवसांपेक्षा कमी होऊ देऊ नये. त्या दिवशी गाईची अंगस्थिती नीट पाहावी. गाईच्या मागे उभे राहून शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हात फिरवावा. तेथे खोल खळगा लागत असेल आणि कंबरेच्या मणक्यांच्या आडव्या हाडांची टोके बोटांना टोचत असतील, तर गाय उतरलेली आहे. खळगा चरबीने भरून गेला असेल आणि दाबल्याशिवाय हाडे जाणवतच नसतील, तर ती गरजेपेक्षा जाड झाली आहे. १ ते ५ या मोजमापात विताना गाय ३ ते ३.५ च्या दरम्यान असावी.

जाड गाय दिसायला चांगली दिसते आणि मालकाला तिचे समाधान वाटते, पण व्याल्यानंतर सर्वाधिक त्रास तिलाच होतो. ती चारा कमी खाते, अंगावरची चरबी वेगाने वितळवते आणि ती चरबी यकृतात साठू लागते. मात्र जाड गाईला भाकड काळात उपाशी ठेवून बारीक करणे हा उपाय नव्हे. त्याने चरबी वितळण्याची तीच क्रिया विण्यापूर्वीच सुरू होते. अंगस्थिती सुधारायची असेल तर ती दुधाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सुधारावी आणि भाकड काळात ती टिकवावी.

विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी कराव्यात. व्याल्यानंतर जो खुराक द्यायचा आहे, तोच थोड्या प्रमाणात आतापासून सुरू करावा, म्हणजे पोटातील सूक्ष्मजीवांना त्याची सवय होते. दुसरी गोष्ट कॅल्शियमची आहे आणि ती अनेकांना उलटी वाटते. या काळात भरपूर कॅल्शियम खाऊ घातल्यास हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्त राहते आणि व्याल्याबरोबर दुधासाठी एकदम मागणी वाढली की रक्तातील पातळी कोसळते. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची पूरके थांबवावीत आणि द्विदल चाऱ्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे, कारण त्यात कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही जास्त असते. अॅनायोनिक क्षार (रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी विण्यापूर्वी दिले जाणारे आम्लधर्मी क्षार) वापरायचे असतील, तर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि लघवीचा सामू तपासतच वापरावेत. सेलेनियम व ई जीवनसत्त्व यांची कमतरता असलेल्या गाईंमध्ये वार (वासरामागून पडणारे गर्भावरण) अडकण्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे गाभण गाईंसाठी तयार केलेले खनिज मिश्रण या काळात बंद करू नये.

विण्याचा दिवस

विण्याची जागा कोरडी, स्वच्छ आणि निसरडी नसलेली असावी. अस्वच्छ हातांनी आणि घाईने वासरू ओढल्यामुळे गर्भाशयाला जी इजा होते, तिची किंमत पुढे रेतनाच्या वेळी मोजावी लागते. पाण्याची पिशवी दिसून दोन तास झाले तरी विणे पुढे सरकत नसेल, तर जोर लावण्यापेक्षा पशुवैद्यकास बोलवावे. व्याल्यानंतर लगेच गाईपुढे कोमट पाणी ठेवावे. अनेक गाई एका दमात २० लिटरहून अधिक पाणी पितात, आणि त्याने पोट भरल्यामुळे चौथे पोट जागेवरून सरकण्याचा धोकाही कमी होतो.

रक्तातील कॅल्शियम बहुधा व्याल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत खाली जाते. कान थंड पडणे, चालताना झोकांड्या जाणे, शेण न टाकणे आणि पुढे मान पोटाकडे वळवून बसून राहणे ही दुग्धज्वराची लक्षणे आहेत. नावात ज्वर असला तरी अशा गाईचे अंग तापलेले नसते, उलट थंड असते. बसलेल्या गाईला तोंडाने काहीही पाजू नये. गिळण्याची शक्ती मंदावलेली असल्यामुळे द्रव फुप्फुसात जाऊ शकतो. शिरेतून कॅल्शियम पशुवैद्यकानेच द्यावे, कारण ते वेगाने दिल्यास हृदय थांबू शकते. पशुवैद्यक येईपर्यंत गाय एका कुशीवर आडवी पडू देऊ नये आणि तिला छातीवर बसती ठेवण्यासाठी बाजूला आधार द्यावा.

याहून अधिक गाईंमध्ये कमतरता बाहेरून दिसत नाही, आणि माझ्या मते प्रजननाच्या दृष्टीने हाच प्रकार अधिक घातक आहे. कॅल्शियम कमी असले की गर्भाशयाच्या स्नायूंचे आकुंचन मंदावते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या होतात. वार अडकणे, गर्भाशयदाह, कासदाह आणि भूक मंदावणे हे सारे पुढे या एकाच मुळातून फुटू शकते. तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वेतातील, जास्त दूध देणाऱ्या गाईंना व्याल्याबरोबर आणि पुन्हा १२ ते २४ तासांनी तोंडावाटे कॅल्शियम देण्याविषयी पशुवैद्यकाशी आधीच बोलून ठेवावे. अर्थात, ते फक्त उभ्या असलेल्या आणि नीट गिळणाऱ्या गाईलाच द्यावे.

व्याल्यानंतर मायांग (गर्भाशय) पूर्ण बाहेर आले, तर ती तातडीची स्थिती असते. गाईला शांत ठेवावे, बाहेर आलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात धरून जमिनीपासून वर ठेवावा आणि क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्यकास बोलवावे.

वार अडकल्यास

वार साधारणपणे व्याल्यानंतर १२ तासांच्या आत पडते. २४ तासांनंतरही ती लोंबत असेल, तर ती अडकली असे समजावे. ती पडल्याचे प्रत्यक्ष पाहावे आणि लगेच उचलून खोल पुरावी, म्हणजे गाय ती खाणार नाही.

अडकलेली वार हाताने ओढून काढण्याचा आग्रह अनेक जण अजूनही धरतात. तो सोडून द्यावा, असे मी येथे स्पष्टपणे लिहितो. वार ज्या ठिकाणी गर्भाशयाला चिकटलेली असते, तेथील अस्तर ओढल्याने फाटते, वारेचे तुकडे आत राहतात आणि जंतूंना थेट रक्तात शिरण्याची वाट मिळते. लोंबणाऱ्या भागाला वजन बांधणेही तितकेच घातक आहे. गर्भाशयात प्रतिजैविकाच्या गोळ्या टाकल्याने वार लवकर सुटते असा समज आहे. परंतु टेट्रासायक्लिनसारखी औषधे वार कुजून सुटण्याच्या नैसर्गिक क्रियेलाच अडवू शकतात. त्यामुळे बाहेर लोंबून मळणारा भाग निरणापासून (योनीच्या बाहेरील तोंडापासून) थोडे अंतर ठेवून कापावा, मागील भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा ठेवावा आणि रोज ताप पाहावा. बहुतेक गाईंमध्ये वार आठवडा-दहा दिवसांत आपोआप गळून पडते. ताप आला, गाय मलूल झाली किंवा खाणे सोडले, तर इंजेक्शनने द्यावयाच्या प्रतिजैविकाचा निर्णय पशुवैद्यक घेतील.

हातमोज्यांविना वारेला किंवा गर्भाशयातील स्रावाला हात लावू नये. सांसर्गिक गर्भपाताचे, म्हणजे ब्रुसेल्लोसिसचे, जंतू त्यातून माणसालाही बाधतात. गोठ्यात शेवटच्या तिमाहीत गर्भपात होत असतील आणि वार अडकण्याचे प्रमाण एकदम वाढले असेल, तर खुराक बदलत बसण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे.

पहिले दहा दिवस : रोजची तपासणी

विण्याने उघडलेल्या गर्भाशयात पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येक गाईच्या बाबतीत जंतू शिरतात. निरोगी गाय ते स्वतः बाहेर टाकते. आपण फक्त तिला त्यात यश येते आहे की नाही हे पाहायचे असते. व्याल्यानंतर नऊ-दहा किलो वजनाचे असलेले गर्भाशय तीन-चार आठवड्यांत सुमारे एक किलोवर येते आणि साधारण ४० ते ४५ दिवसांत पूर्ववत होते.

रोज सकाळी दूध काढण्याच्या वेळी गुदद्वारातून तापमान घ्यावे. तापमापक थोडा वाकडा करून आतील भिंतीला टेकवावा. शेणात खुपसल्यास आकडा चुकतो. ३८ ते ३९.३ अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १००.४ ते १०२.७ फॅरनहाइट, हे नेहमीचे तापमान होय. ते ३९.५ च्या वर गेले तर कारण शोधलेच पाहिजे. त्याच वेळी शेपटी बाजूला करून निरणाखालचा स्राव हातमोज्यावर घेऊन पाहावा. तांबूस तपकिरी, घट्टसर आणि उग्र वास नसलेला स्राव दोन-अडीच आठवड्यांपर्यंत येणे स्वाभाविक आहे; तो हळूहळू कमी होऊन फिकट आणि स्वच्छ होत जातो. तोच स्राव पाण्यासारखा पातळ, लालसर तपकिरी आणि कुजका वास मारणारा असेल आणि सोबत ताप असेल, तर तो तीव्र गर्भाशयदाह होय आणि त्यावर त्याच दिवशी उपचार व्हावयास हवेत. केवळ दुर्गंध आहे पण ताप नाही म्हणून थांबू नये. दूध घटले असेल, डोळे खोल गेले असतील किंवा गाय गव्हाणीपासून दूर उभी राहत असेल, तर तीही आजारीच आहे.

या दिवसांत माणसाची नजर दुधाच्या भांड्याकडे असते, पण अधिक खरी बातमी गव्हाण देते. आजारी पडणारी गाय लक्षणे दिसण्याच्या आधीच चारा कमी खाऊ लागते. उजेडात गाईच्या डाव्या बाजूला उभे राहून शेवटच्या बरगडीमागची भकाळी पाहावी. ती भरलेली दिसत नसेल, तर गाईने आदल्या रात्री पुरेसे खाल्लेले नाही.

ऊर्जेची तूट

दूध व्याल्यानंतर चार ते आठ आठवड्यांत कमाल पातळी गाठते, तर खाण्याची क्षमता दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत वाढतच असते. मधली तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरून काढते. थोडी तूट प्रत्येक दुधाळ गाईला असते आणि तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. अंगस्थिती अर्ध्या गुणापेक्षा जास्त घसरली, की मात्र मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संप्रेरकांचे संकेत क्षीण होतात, पुटके वाढतात पण फुटत नाहीत आणि गाय माजावर येत नाही.

तूट फार वाढली की किटोसिस होतो. गाय खुराक नाकारते आणि वैरण खाते, दूध घटते, शेण कोरडे व घट्ट होते आणि काहींना तिच्या श्वासाला गोडसर वास जाणवतो. सुप्त किटोसिसमध्ये यांपैकी काहीच ठळक दिसत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्ताच्या थेंबावर चालणाऱ्या मापकाने तपासणी करणे सर्वांत विश्वासार्ह ठरते. बीएचबीची, म्हणजे चरबी वितळताना रक्तात वाढणाऱ्या किटोन घटकाची, पातळी लिटरला १.२ मिलिमोल किंवा अधिक असल्यास उपचार आवश्यक असतो. रोज ३०० मिलिलिटर प्रॉपिलीन ग्लायकॉल तीन ते पाच दिवस पाजणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. मात्र किटोसिसमागे गर्भाशयदाह किंवा सरकलेले पोट तर नाही ना, याची खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्यावी.

गाय कमी पडते आहे म्हणून खुराक एकदम वाढवणे हा सहज होणारा घात आहे. त्याने पोटात आम्लता होते, गाय आणखी कमी खाते आणि पुढे खूर दुखू लागतात. दररोज पाव ते अर्धा किलोपेक्षा जास्त वाढ करू नये आणि चांगल्या प्रतीची वैरण सतत पुढे राहील असे पाहावे. गव्हाणीत रात्रीही चारा असावा, पाणी स्वच्छ असावे आणि नव्याने व्यालेल्या पहिलारू गाईंना जुन्या गाईंनी हुसकावू नये एवढी जागा असावी. या साध्या गोष्टींनी जेवढा फरक पडतो, तेवढा कोणत्याही महागड्या पूरकाने पडत नाही असे माझे मत आहे.

तिसऱ्या आठवड्यानंतर

व्याल्यानंतर तीन ते पाच आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येक गाईची गर्भाशय तपासणी करून घ्यावी. ज्यांची वार अडकली होती, विणे अवघड गेले होते किंवा ज्यांना जुळी वासरे झाली होती, त्यांची तर नक्कीच. तीन आठवड्यांनंतरही स्रावात पू दिसत असेल, तर गाय ठणठणीत दिसूनही गर्भाशयाच्या अस्तराला सूज असते. अशा गाईला ताप नसतो आणि ती दूधही व्यवस्थित देते, त्यामुळे हा दोष नजरेआड राहतो आणि पुढे ती वारंवार उलटते, म्हणजे रेतन होऊनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते. पुवाचा स्राव दिसत असताना रेतन करू नये. पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात तयार होणारी, माज रोखणारी गाठ) टिकून राहून गर्भाशयात पू साठला असेल, तर गाय माजावरच येत नाही आणि मालक तिला गाभण समजून बसतो. येथे पशुवैद्यक पीतपिंड विरघळवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचा वापर करतात.

पहिले स्त्रीबीज बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात सुटते, पण तो माज प्रायः मुका, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा, असतो. तरीही साठ दिवसांच्या आतला प्रत्येक माज तारखेसह नोंदवावा. रेतन करायचे नसले तरी त्या नोंदीवरून पुढचा माज केव्हा येईल हे कळते, आणि साठ दिवसांत एकही नोंद झाली नाही तर तपासणीची वेळ आली हे समजते.

माज ओळखणे आणि रेतन

माजाचे चक्र सरासरी २१ दिवसांचे, १८ ते २४ दिवसांच्या मर्यादेत असते. दुसऱ्या गाईने अंगावर उडी मारली तरी न हलता उभी राहणे हे माजाचे एकमेव पक्के लक्षण होय. जास्त दूध देणाऱ्या गाईत ही अवस्था आठ तासांहूनही कमी टिकू शकते आणि पुष्कळदा रात्री किंवा पहाटे येते. म्हणून पहाटे, दुपारनंतर आणि रात्री उशिरा, दूध काढणे किंवा चारा टाकणे अशी कोणतीही कामे न करता, प्रत्येकी वीस ते तीस मिनिटे फक्त गाई पाहत उभे राहावे. बांधून ठेवलेल्या गाईत उडीचे लक्षण दिसतच नाही. तेथे काचेसारखा स्वच्छ, तुटल्याविना लोंबणारा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), सुजलेले निरण, हंबरणे, अस्वस्थता आणि दुधात अचानक झालेली घट यांवरून अंदाज घ्यावा लागतो. अशा गाई दिवसातून दोनदा निसरड्या नसलेल्या जागेत मोकळ्या सोडल्यास माज चुकण्याचे प्रमाण बरेच कमी होते. माजानंतर एक-दोन दिवसांनी थोडे रक्त दिसले, तर त्यावरून गाय गाभण राहिली की नाही हे ठरत नाही. माज नुकताच होऊन गेला एवढेच त्यातून कळते, आणि पुढचा माज साधारण १९ दिवसांवर आहे असे धरून नोंद करावी.

सकाळी माजावर दिसलेल्या गाईला संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेल्या गाईला दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा जुना नियम आजही उपयोगी आहे, कारण स्त्रीबीज माज सुरू झाल्यापासून २४ ते ३२ तासांनी सुटते. रेतमात्रा ३५ ते ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात किमान ३० ते ४५ सेकंद ठेवावी आणि नंतर ती थंड होऊ न देता लगेच वापरावी. रेत गर्भाशयमुखाच्या थोडे पुढे सोडायचे असते.

माज दिसत नाही म्हणून सरळ संप्रेरकांच्या इंजेक्शनकडे वळणे मला योग्य वाटत नाही. आधी तपासणीतून अंडाशय काम करीत आहे की नाही हे पाहावे. काम करीत असेल, तर दोष बहुधा आपल्या निरीक्षणात असतो. करीत नसेल, तर आधी खुराक, खनिजे आणि लंगडेपणा यांकडे पाहावे. ठरावीक वेळी रेतन करण्याची पद्धत मात्र मोठ्या कळपात उपयोगी पडते : पहिल्या दिवशी जीएनआरएच (स्त्रीबीज सुटण्यास चालना देणारे संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी रेतन. प्रोस्टाग्लँडिनने गाभण गाईचा गर्भपात होतो, त्यामुळे तपासणीविना ते कधीही टोचू नये. गर्भवती स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ते हाताळू नये, कारण ते त्वचेतूनही शोषले जाते.

उष्ण दिवसांत गर्भधारणेचे प्रमाण घसरते, कारण गाईचे शरीर तापले की स्त्रीबीज आणि पहिल्या काही दिवसांचा गर्भ दोन्ही दगावतात. सावली, वारा आणि अंगावर पाण्याचा फवारा ही व्यवस्था रेतनाच्या दिवसापुरती न ठेवता त्याच्या आधी व नंतरही चालू ठेवावी.

गर्भतपासणी

२१ दिवसांनी गाय माजावर आली नाही एवढ्यावरून तिला गाभण धरू नये. सोनोग्राफीने २८ ते ३० दिवसांनंतर आणि अनुभवी हाताने ३५ ते ४५ दिवसांनंतर निदान होते. लवकर तपासण्याचा खरा लाभ रिकामी गाय लवकर सापडण्यात आहे, कारण तिचा पुढचा माज हातचा जात नाही. पहिल्या दोन महिन्यांत काही गर्भ दगावतात, म्हणून गाभण ठरलेली गाय ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान पुन्हा तपासावी. तीन रेतनांनंतरही, नियमित चक्र आणि स्वच्छ सोट असूनही, गाय उलटत असेल, तर चौथे रेतन तसेच करण्यापूर्वी गर्भाशयाच्या अस्तराची सूज, गर्भनलिकांचा अडथळा, स्त्रीबीज उशिरा सुटणे आणि रेतनाची वेळ यांपैकी नेमके काय चुकते आहे हे पशुवैद्यकाबरोबर, तिच्या विण्यापासूनच्या सर्व नोंदी समोर ठेवून, तपासावे.